डायलिसिसच्या नळीतून रक्तात होणारा जंतुसंसर्ग : घरी, वाटेत आणि केंद्रावर काय सांभाळावे?

कापूसपट्टा

नमस्कार. मी केळापूर तालुक्यातील एका खेड्यातून लिहीत आहे. माझ्या सासूबाई फेब्रुवारीपासून डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून दोन वेळा पहाटेच्या काळीपिवळीने आम्ही ४० किलोमीटरवरच्या केंद्रावर जातो आणि दिवस मावळताना परत येतो. त्यांचा आजार फार उशिरा कळला. तेव्हा त्यांना इतकी धाप लागत होती की त्या रात्र बसून काढत असत, त्यामुळे मानेत तातडीने नळी घालून डायलिसिस सुरू करावे लागले. दोन आठवड्यांनी ती काढून छातीच्या कातडीखालून नेलेली परमकॅथ बसवण्यात आली. हातावर फिस्टुला (धमनी शिरेला जोडण्याची शस्त्रक्रिया) करून घ्या, असे तेव्हाच सांगितले होते. परंतु घरी आल्यावर पुतणीचे लग्न निघाले, पैशांची ओढाताण झाली, आणि नळीवर सारे नीट चालले असताना पुन्हा चिरफाड कशाला, असे सासूबाईंसह आम्हा सर्वांनाच वाटले.

नवतपातल्या एका दुपारी उकाडा असह्य होऊन त्यांनी डोक्यावरून दोन तांबे पाणी घेतले. ड्रेसिंग भिजले, त्याची एक कड सुटली, आणि ती आम्ही घरातल्या चिकटपट्टीने दाबून बसवली. दोन दिवसांनी केंद्रावर मशीन सुरू होऊन वीस मिनिटे झाली असतील, तोच त्यांना खाट हलेल एवढी हुडहुडी भरली. तापाची गोळी आणि एक इंजेक्शन देऊन डायलिसिस पूर्ण करण्यात आले व "मशीनची थंडी आहे, उतरेल" असे आम्हाला सांगण्यात आले. घरी पोहोचेपर्यंत ती खरोखरच उतरली, म्हणून गावातल्या डॉक्टरांकडून अशक्तपणासाठी सलाईन लावून घेऊन आम्ही स्वस्थ बसलो. पुढच्या फेरीला पुन्हा तेच झाले, आणि या वेळी रक्तदाब इतका खाली गेला की त्यांना थेट वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे लागले. रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू निघाला. नळी काढली, जांघेत तात्पुरती घातली, चार आठवडे प्रतिजैविके चालली आणि मग दुसऱ्या बाजूने नवी परमकॅथ बसली.

सासूबाई वाचल्या. परंतु त्या पहिल्या थंडीचा अर्थ आम्हाला त्याच दिवशी समजला असता, तर त्यांना एवढे सोसावे लागले नसते, हे मनातून जात नाही. नव्या नळीचे काय सांभाळावे, केंद्रावर काय मागण्याचा आम्हाला अधिकार आहे, आणि थंडी वाजली तर पहिल्या तासात काय करावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मशीनजवळचा

ताई, मी विदर्भातल्याच एका तालुक्याच्या ठिकाणी डायलिसिस तंत्रज्ञ आहे. तुमचे लिखाण वाचून वाईट वाटले, कारण "मशीनची थंडी" हे शब्द मीही नवखा असताना वापरले आहेत.

प्रथम नळीविषयी सांगतो. तिचे आतले टोक हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याशी असते आणि बाहेर तिला लाल व निळी अशी दोन तोंडे असतात. प्रत्येक डायलिसिसला ही तोंडे जोडताना एकदा आणि सोडताना एकदा उघडावी लागतात. म्हणजे आठवड्यातून दोन फेऱ्या धरल्या तरी चार वेळा बाहेरची हवा, हात आणि श्वास यांना थेट रक्ताकडे वाट मिळते. दुसरी वाट कातडीवरून जाते. नळी जिथून बाहेर येते त्या छिद्रापाशी जंतू साचले, तर ते नळीच्या बाहेरच्या बाजूने आत सरकतात. परमकॅथला कातडीखाली एक लोकरीसारखी कॉलर असते. काही आठवड्यांत तिच्यात मांस भरते आणि ही दुसरी वाट बरीचशी बंद होते. मानेतल्या साध्या नळीला अशी कॉलर नसते. त्यामुळेच अमेरिकेतील नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मानेतली साधी नळी दोन आठवड्यांहून अधिक ठेवू नये. आपल्याकडे अशी नळी दोन-दोन महिने मिरवणारे रुग्ण माझ्यासमोर येतात, आणि प्रत्येकाला पाहून काळजात धस्स होते.

आत शिरलेले जंतू नळीच्या भिंतीवर चिकट थर करून बसतात. त्या थरापर्यंत प्रतिजैविक नीट पोहोचत नाही. नळी दोन दिवस बंद असते तोवर रुग्ण ठणठणीत दिसू शकतो. मशीन सुरू झाले की दर मिनिटाला २०० ते ३०० मिलीलिटर रक्त त्या नळीतून ये-जा करू लागते, थरातले जंतू सुटून रक्तात जातात, आणि अर्ध्या-पाऊण तासात हुडहुडी भरते. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत नेमके हेच झाले असावे. एकाच पाळीत तीन-चार रुग्णांना एकदम थंडी वाजली, तर आम्ही पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रणेकडे संशयाने पाहतो. परंतु नळी असलेल्या एकाच रुग्णाला थंडी वाजली, तर दोष नळीचाच धरून चालावे, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत.

खारपाण

मी अकोला जिल्ह्यातला. वडिलांच्या हाताच्या शिरा सापडत नाहीत, म्हणून आमच्याकडील एका दवाखान्यात अशक्तपणाचे सलाईन मानेच्या नळीतूनच देण्यात आले. "तयार रस्ता आहे" असे ते म्हणाले. हे योग्य होते का?

तालुका वैद्य

मुळीच योग्य नव्हते, भाऊ. ही नळी केवळ डायलिसिससाठी असते, आणि डायलिसिसचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाखेरीज कोणीही तिची टोपणे उघडू नयेत. संसर्गाचा धोका तर आहेच, शिवाय त्या नळीच्या दोन्ही वाहिन्यांत रक्त गोठू नये म्हणून दाट हेपरिन भरून ठेवलेले असते. ते आधी ओढून न काढता सलाईन सोडले, तर सारे हेपरिन एकदम शरीरात जाते आणि रक्तस्राव होऊ शकतो. आणि लघवी जवळजवळ बंद असलेल्या माणसाला "ताकदीचे" सलाईन देणे म्हणजे ते पाणी फुप्फुसात साठवण्यासारखे आहे. अशक्तपणा आला की सलाईन लावायचे, ही आपल्या खेड्यांतली पक्की समजूत आहे आणि निरोगी माणसाचे तिच्यात सहसा पैशांखेरीज काही जात नाही, परंतु डायलिसिसच्या रुग्णाचा त्यात जीव जाऊ शकतो.

आता कापूसपट्टा ताईंच्या पहिल्या तासाच्या प्रश्नाकडे वळतो. नळी असलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला, तर प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी रक्ताचे कल्चर घेतले गेले पाहिजे. शक्यतो दोन संच घ्यावेत, एक नळीतून आणि एक हाताच्या शिरेतून. शिर मिळत नसेल तर दुसरा संच मशीनच्या रक्तवाहक नळीतून घेता येतो. दोन्हींत तोच जंतू वाढला आणि नळीतल्या रक्तात तो हाताच्या रक्तापेक्षा किमान दोन तास आधी वाढला, तर उगम नळीतच आहे असे मानतात. गावात आधीच एखादे इंजेक्शन टोचलेले असेल तर कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, आणि मग डॉक्टरला अंधारात औषध निवडावे लागते. आपल्या देशात या नळ्यांतून स्टॅफिलोकॉकसच्या बरोबरीने क्लेबसिएला, स्यूडोमोनास असे जंतूही निघतात. त्यांची औषधे वेगळी असल्यामुळे अंदाजावर काम भागत नाही.

तालुक्याच्या केंद्रावर कल्चर होत नाही हे खरे आहे, परंतु कल्चरच्या बाटल्या ठेवणे अवघड नाही. मोठ्या माणसासाठी प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलीलिटर रक्त घालावे आणि बाटली जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेत त्याच दिवशी पोहोचवावी. रक्त भरलेली बाटली फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात कधीही ठेवू नये. लसीच्या सवयीने आपले कर्मचारी ती बर्फात ठेवतात, आणि थंडीने काही जंतू मरून गेले की अहवाल खोटा निर्दोष येतो. कल्चर घेतल्यावर मात्र अहवालाची वाट न पाहता औषध त्याच ठिकाणी, त्याच वेळी सुरू झाले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. मधुमेही, वृद्ध किंवा खंगलेल्या रुग्णाला ताप येईलच असे नाही. तो नुसता गप्प होतो, असंबद्ध बोलतो किंवा डायलिसिस सुरू होताच त्याचा रक्तदाब खचतो. संसर्ग होऊन गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पाठीच्या कण्यात सतत दुखू लागले, तर मुका मार किंवा वात समजून मालिश करू नका. स्टॅफिलोकॉकस ऑरियस रक्तातून मणक्यांत आणि हृदयाच्या झडपांवर जाऊन बसतो. तो निघाल्यावर नळी काढावी लागते आणि अनेक आठवडे औषध द्यावे लागते, त्याचे हेच कारण आहे. ताई, सासूबाईंची हृदयाची सोनोग्राफी झाली नसेल तर तेवढी अवश्य विचारून घ्या.

निवृत्त परिचारिका

घरच्या बाजूविषयी लिहिते. ३१ वर्षांच्या नोकरीतली अखेरची काही वर्षे मी डायलिसिस विभागात काढली.

उन्हाळा हा आपल्याकडचा मोठा शत्रू आहे. पारा ४५ च्या वर गेला की घामाने पारदर्शक चिकटपट्टीखाली पाणी साचते आणि तिची कड सुटते. ज्यांना फार घाम येतो त्यांच्यासाठी पारदर्शक पट्टीऐवजी निर्जंतुक गॉजचे ड्रेसिंग मागून घ्यावे. गॉज प्रत्येक डायलिसिसला बदलतात, पारदर्शक पट्टी जास्तीत जास्त सात दिवस ठेवतात, परंतु यातले कोणतेही ड्रेसिंग ओले, मळके किंवा सैल झाले की ते त्याच दिवशी बदलायचे, डायलिसिसच्या वाराची वाट पाहायची नाही. तुमच्याकडून जी चूक झाली ती हीच. भिजलेल्या ड्रेसिंगवर वरून पट्टी चिकटवली की आत ओल, ऊब आणि अंधार यांत जंतूंची पेरणी होते. ४० किलोमीटर जाणे त्या दिवशी शक्य नसते हे मी जाणते. म्हणून केंद्रावरून निर्जंतुक गॉजची दोन पाकिटे, क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाची बाटली, मास्क आणि हातमोजे एका स्वच्छ डब्यात घरी ठेवायला मागा आणि घरातल्या एकाच व्यक्तीने ड्रेसिंग बदलणे परिचारिकेसमोर दोनदा करून दाखवून शिकून घ्यावे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरलाही हे आधी सांगून ठेवले, तर ऐनवेळी सोय होते.

आंघोळ कमरेखाली करावी आणि वरचे अंग पिळलेल्या पंच्याने पुसावे. केस धुवायचे असतील तर रुग्णाने खाटेवर आडवे पडून डोके काठाबाहेर काढावे व दुसऱ्याने मागच्या बाजूने पाणी घालावे. हे कंटाळवाणे आहे आणि बायकांना फार जड जाते, परंतु नळी आहे तोवर याला पर्याय नाही. काळी पोत किंवा मंगळसूत्र नळीच्या छिद्रावर घासते, म्हणून ते काढायचे नसेल तर आखूड करून घ्यावे. पुढून बटणांची सैल पोलकी शिवून घेतली म्हणजे केंद्रावर कपड्यांची ओढाताण होत नाही. हळद, तेल, अंगारा यांपैकी काहीही छिद्राजवळ जाऊ देऊ नये. काळीपिवळीत खिडकीकडेला धूळ उडते, तेव्हा नळीवर धुतलेला सुती दुपट्टा सैल घ्यावा. नळीची टोके गॉजमध्ये गुंडाळून छातीला नीट चिकटवलेली असावीत, नाहीतर मांडीवर आलेले नातवंड ती ओढते.

टोपण गळून पडले तर नळीवरच्या चिमट्या बंद आहेत याची खात्री करावी, पडलेले टोपण परत लावू नये, टोक निर्जंतुक गॉजने झाकावे आणि ताबडतोब केंद्राकडे निघावे. नळीच निसटली तर रुग्णाला आडवे करून छिद्रावर आणि त्याच्या वर मानेच्या मुळाशी घट्ट दाब द्यावा व मदत येईपर्यंत तो सोडू नये.

कापूसपट्टा

ताई, डब्याची सूचना आजच अमलात आणते. पुढच्या फेरीलाच सामान मागते आणि ड्रेसिंगही मीच शिकते. हृदयाची सोनोग्राफी झाली होती आणि झडपा चांगल्या आहेत, डॉक्टरसाहेब.

केंद्रावरचे कर्मचारी एका वेळी अनेक खाटा सांभाळतात. "हात धुतले का?" असे त्यांना विचारणे आमच्यासारख्यांना उद्धटपणाचे वाटते. मशीनजवळचे दादा, नक्की काय पाहावे आणि ते कसे विचारावे?

मशीनजवळचा

विचाराच, ताई. मला एका आजोबांनी हात जोडून विचारले होते, "बाळा, दुसरे हातमोजे घातलेस ना?" त्या दिवशी मी घातले नव्हते.

जोडताना आणि सोडताना तुमच्या व आमच्या दोघांच्याही तोंडा-नाकावर मास्क हवा, कारण स्टॅफिलोकॉकस अनेकांच्या नाकात मुक्कामाला असतो. त्या वेळी पंखा थेट खाटेवर नसावा आणि रुग्णाने मान दुसरीकडे वळवावी. आमचे हात धुतलेले व हातमोजे नवे असावेत. शेजारच्या खाटेवरून तेच मोजे घालून कोणी आले, तर नम्रपणे थांबवा. छिद्राभोवतीची कातडी अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्झिडिनने पुसून पूर्ण वाळू द्यावी लागते. वाळण्याआधी ड्रेसिंग लावले तर औषधाचा परिणाम कमी होतो आणि कातडीही जळते. ज्यांना क्लोरहेक्झिडिन सोसत नाही त्यांना पोव्हिडोन आयोडीन चालते, त्याला वाळायला अधिक वेळ द्यावा.

सर्वांत अधिक चुकते ते टोपण काढल्यानंतर. नळीचे उघडे तोंड, त्याचे आटे आणि त्याचा माथा नव्या जंतुनाशक पॅडने १० ते १५ सेकंद घासायचा असतो आणि दुसऱ्या तोंडासाठी दुसरा पॅड घ्यायचा असतो. नुसते पुसल्यासारखे करून भागत नाही, कारण आट्यांत वाळलेले रक्त अडकलेले असते. काढलेले टोपण फेकून प्रत्येक वेळी नवे लावायचे. पाळी बदलताना दहा रुग्ण एकदम उतरतात व दहा चढतात, आणि ही १५ सेकंदे नेमकी तेव्हाच खाल्ली जातात. कर्मचारी निष्काळजी असतात असे मला वाटत नाही. हात कमी आणि घाई जास्त, हे खरे कारण आहे. तरीही अमेरिकेतील सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेबरोबर १७ डायलिसिस केंद्रांनी हीच साधी कामे ठरवून, एकमेकांचे निरीक्षण करून केली, तेव्हा नळी किंवा फिस्टुलाशी निगडित रक्तसंसर्ग ५४ टक्क्यांनी घटला. त्यात महागडे यंत्र कोणतेही नव्हते.

आमच्या केंद्रावर मी एक वही ठेवतो. नळी असलेले रुग्ण रोज मोजून महिन्याचे नळी-दिवस काढतो. समजा १८ रुग्णांना महिनाभर नळी होती, तर ५४० नळी-दिवस झाले, आणि त्यात दोघांना संसर्ग झाला तर दर हजार नळी-दिवसांमागे ३.७ हा दर झाला. मी वर उल्लेख केलेल्या २०१९ च्या तत्त्वांत हे प्रमाण १.५ च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट आहे. आकडा भिंतीवर लावला की तो आमच्याच डोळ्यांत खुपतो आणि हात आपोआप नीट चालतात. तुमच्या केंद्रावर अशी नोंद आहे का, हेही विचारा.

खारपाण

छिद्रावर प्रतिजैविक मलम लावावे असे एकाने सांगितले आणि नळीत हेपरिनबरोबर जेंटामायसिन हे प्रतिजैविक भरतात असेही ऐकले. प्रत्येकालाच हे का करत नाहीत?

तालुका वैद्य

मलम उपयोगी आहे आणि सीडीसीच्या शिफारशींतही ते आहे, परंतु काही मलमांत औषध ज्या मूळ द्रव्यात मिसळलेले असते ते पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या नळीला हळूहळू कमकुवत करते. म्हणून नळी बनवणाऱ्याच्या सूचना पाहूनच मलम ठरवावे, दुकानातून आपल्या मनाने आणू नये. जेंटामायसिन भरल्याने संसर्ग घटतो हे खरे, पण ते थोडे थोडे रक्तात झिरपते. त्याने कानांना इजा होऊ शकते व औषधाला न जुमानणारे जंतू वाढू शकतात, त्यामुळे ते सरसकट वापरण्यास माझा विरोध आहे. टॉरोलिडिन या जंतुनाशकाचा आणि हेपरिनचा एकत्र द्राव नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मान्य केला. चाचणीत त्याने संसर्गाचा धोका नुसत्या हेपरिनच्या तुलनेत ७१ टक्क्यांनी कमी केला. आपल्या तालुक्यांत तो सर्वांना परवडेल तेव्हा मी आनंदाने वापरीन. तोवर १५ सेकंदांचे घासणे फुकट आहे.

चौथे वर्ष

मी स्वतः रुग्ण आहे, वर्धा जिल्ह्यातला शेतकरी. वरची सर्व माहिती मोलाची आहे, तरीही मला वाटते की आपण दार राखण्याबद्दल बोलतो आहोत आणि दार बुजवण्याबद्दल कमी. मला नळीवर पाच महिने काढावे लागले आणि त्यात दोनदा संसर्ग झाला. डाव्या मनगटावर फिस्टुला होऊन तो वापरात आल्यापासून चौथे वर्ष सुरू आहे, एकदाही थंडी वाजली नाही. रोज विहिरीवर पोटभर आंघोळ करतो.

फिस्टुलात बाहेरची कोणतीही वस्तू शरीरात राहत नाही. स्वतःची धमनी स्वतःच्याच शिरेला जोडतात. ही शस्त्रक्रिया १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी प्रथम प्रसिद्ध केली आणि आजही तिच्याहून सुरक्षित वाट निघालेली नाही. मात्र ती शिर फुगून जाड व्हायला सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो, आणि काहींची पहिली शस्त्रक्रिया फसतेही. म्हणून आज उद्या करत बसले की नळीचे दिवस वाढत जातात. ज्या हाताने काम करत नाही त्या हाताच्या शिरांना आतापासून सुई लावू देऊ नका. रक्त काढणे, सलाईन, इंजेक्शन, सारे दुसऱ्या हाताच्या पंजावर घ्या. गळपट्टीच्या हाडाखालून नळी घालू देऊ नका, त्याने आतली शिर आकसते आणि त्या बाजूचा फिस्टुला पुढे निकामी होतो. शस्त्रक्रियेनंतर रोज सकाळी त्यावर बोटे ठेवून थरथर तपासावी. ती थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, कापसाचे ओझे घेऊ नये, तो हात उशाशी घेऊन झोपू नये.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटावे. नागपूर किंवा सेवाग्राम, सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तारखेची चौकशी करावी. आणि फिस्टुलात दोन्ही सुया घालून काही डायलिसिस सुरळीत झाले की नळी काढून टाकण्याचा आग्रह धरा. "असू द्या, अडीनडीला होईल" म्हणून आमच्या केंद्रावर एकाने ती ठेवली होती आणि न वापरलेल्या नळीतूनच त्याला संसर्ग झाला.

कापूसपट्टा

काका, तुमचे उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. विहिरीवरच्या आंघोळीचे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावले. त्यांच्या मनात भीती होती ती हाताचे बळ जाईल आणि वेचणी करता येणार नाही याची, आणि हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलेच नव्हते.

काल केंद्रावर सिस्टरांशी बोलणे झाले. त्यांनी राग मानला नाही, उलट दोन मास्क दिले आणि ड्रेसिंग शिकवायला गुरुवार ठरवला. कल्चरच्या बाटल्यांसाठी त्या वरिष्ठांना पत्र देणार आहेत, त्यावर आम्हा सहा रुग्णांच्या घरच्यांनी सह्या केल्या. फिस्टुलाआधी हाताच्या शिरा पाहण्याच्या डॉपलर सोनोग्राफीसाठी १४ तारीख मिळाली आहे. सासूबाईंचा डावा हात राखायचा आहे, म्हणून त्यावर निळ्या पेनाने "सुई लावू नये" असे लिहून ठेवले आहे. रोज पुसले जाते, रोज पुन्हा लिहिते.

मशीनजवळचा

डॉपलरच्या आदल्या दिवशी डायलिसिस येत असेल तर वजन फार खाली ओढू देऊ नका, ताई. शरीर कोरडे पडले की शिरा बारीक दिसतात आणि चांगली शिरही नाकारली जाऊ शकते. १४ तारखेला काय झाले ते इथे कळवा.